झाडावर

दिवसभर मी लोकांच्या पाठीमागचं जग पुसते.
भिंत, कॅलेंडर, दाराआडून डोकावणारं पोर,
त्यांच्या जागी सपाट रंग भरते:
पासपोर्टला पांढरा, रेल्वेच्या पासला निळा,
वारलेल्यांना ढग.

माघातल्या रविवारी मात्र
स्टुडिओचा जुना कॅमेरा मफलरमध्ये गुंडाळून
भुसावळच्या रेल्वे कॉलनीतल्या बागेत जाते.
सकाळचे साडेसहा. गेट उघडं असतं, कारण त्याला कडीच नाही.
आत पाच देशी बदाम आहेत.
आमच्याकडे गळण्याआधी लाल व्हायची हौस
फक्त त्यांनाच.
कडुनिंब मुकाट पिवळा पडतो,
शिरीष वाळल्या शेंगा वाजवत बसतो,
बदाम तेवढा लग्नघरातल्या मावशीसारखा
निघायच्या वेळेला नटतो.

मी पोटावर झोपून पानं टिपते.
चौकटीबाहेर ठेवते
शिंग मोडलेलं सिमेंटचं हरीण,
पाण्याची टाकी, फुले तोडू नये,
कालच्या कुणाच्या वाढदिवसाचे द्रोण,
आणि कौतिकबाईचा खराटा.

‘दहा मिनिटं थांबता का?’
ती थांबते. खराटा काखेत, तंबाखू तळहातावर.
ती अमळनेरकडची.
‘पडेल पानेस्ना फोटू काढी ऱ्हायनी का व?’
विचारते, आणि उत्तराची वाट न बघता
हरणाच्या पाठीवर बसते.

रात्री भाऊ झोपल्यावर
त्याच्या लॅपटॉपवर मी एकेक पान उघडते.
प्रत्येकावर दीपनगरची राख.
मला दिसली नव्हती,
कॅमेऱ्यानं शिरेशिरेतून आणली होती.
धूसरपणा वजा वीस.
ऊब अधिक तीस.
लाल आणखी लाल, सावली थोडी खोल,
इतकी, की नाशिकची मामेबहीण विचारते,
‘काश्मीरला कधी गेलीस गं?’
मी हसरा चेहरा पाठवते.
उत्तर पाठवत नाही.

पुढच्या रविवारी कौतिकबाईला दाखवले.
पडद्याला बोट न लावता, हात मागे बांधून
तिनं अकराच्या अकरा बघितले.
‘हाई तं सगळं पहिलेनं शे,’ ती म्हणाली.
‘एक झाडावर काढ ना.’

झाडावर?
मी मान वर करून फांद्या शोधू लागले.
ती खाली बघत होती.
तिच्या बोलीत झाडावर म्हणजे
झाडल्यावर.

मग मी थांबले. कुंपणाच्या मेंदीला टेकून,
दहा मिनिटं नाही, पाऊण तास.
ती मागे सरकत झाडते, स्वतःची पावलंही
स्वतःच पुसत नेते.
खराट्याच्या अर्धगोल रेघा, एकीत एक,
नुकत्या विंचरलेल्या ओल्या केसांसारख्या,
पार नळापर्यंत.
ढीग भिंतीआड. हरीण एकटं.
ती म्हणाली, आते.
मी बटण दाबलं, आणि नेमकं त्याच वेळी
वरून एक पान सुटलं.

या फोटोत करण्यासारखं काही नव्हतं.
माती मातीच्या रंगाची.
उजव्या कोपऱ्यात ते पान, एवढंसं, लाल.
पुसायचं हत्यार त्याच्यावर नेलं.
आठवड्याला किती माणसांमागची माणसं मी पुसते,
एक पान म्हणजे एक टिचकी.
बाण तिथेच थरथरत राहिला,
बाहेरून मालगाडी गेली, लांबच लांब,
तिचे डबे संपेपर्यंत माझं काही ठरेना.
शेवटी आहे तसाच छापला.
पाच बाय सात, चकचकीत कागद.

कौतिकबाईनं हात पदराला पुसून घेतला.
छान म्हणाली नाही.
नळाकडून गेटाकडे, रेघारेघांतून
तिची नजर तशीच गेली जशी ती स्वतः जाते, मागे सरकत.
कोपऱ्यात थबकली.
अंगठ्याच्या नखानं पान खरवडलं.
पुन्हा एकदा खरवडलं.
‘निंघत नही व हाई.’

आणि पाचही बदामांकडे तिनं असं रोखून बघितलं
की एकानं तरी
कबूल करावं.