निरीक्षक क्रमांक एकोणीस

पडद्याच्या उंचीच्या तिप्पट अंतरावर खुर्ची,
खिडकीला काळा कागद, एसी चोवीसवर.
प्रत्येक चित्र दहा सेकंद, मग राखाडी,
मग एक ते पाच यांतला एक आकडा.

हुसैनमियाँ परकार. सोहार बंदर, क्रेनवर बावीस वर्षं.
रंगांच्या ठिपक्यांची चाचणी पास.
"बाय, बरोबर कुठलां तां आदी सांग."
बरोबर असं काही नसतं, चाचा. तुम्हाला काय वाटतं तेवढंच.

चित्र सात : त्यांचाच धक्का, शमाल सुटलेला दिवस.
चित्र आठ : तेच, माझ्या अल्गोरिदमनं धूळ उपसलेलं,
कंटेनरवरचे नंबरसुद्धा वाचता येतात.
बाकी तेवीस जणांनी आठला चार-पाच दिले.
यांनी एक.
आणि सातला पाच.

"त्या दिशी हूक दिसत नव्हता.
खाली मानूस होता, म्हणून काम थांबवलां.
अर्ध्या दिवसाचा पगार गेला.
आता ह्यां तुजां आठ नंबर बघून
मुकादम म्हणंल, सगळां तर लख्ख दिसतंय!"

मग राखाडी पडदा आला.
त्यालाही त्यांनी तीन दिले.

सरासरीपासून इतका लांब गेलेला निरीक्षक
नियमानं गाळावा लागतो.
रात्री ती ओळ पुसली.
सहसंबंध ०.९० वरून ०.९३ वर.
गाइडनी नुसता अंगठा पाठवला.

पार्किंगमध्ये गाडीच्या काचेवर तांबूस थर.
वायपरच्या दांड्याकडे हात गेला
आणि बराच वेळ
तिथंच राहिला.