बावीस मिनिटं, चाळीस सेकंद

पहाटे पावणेचारला याग्ना म्हणाली, झालं.
तिमेकनं हेडफोन उतरवून गळ्यात टाकला,
आणि आम्ही तिघं पडद्याकडे बघत बसलो
जिथं सगळ्यांच्या नावांनंतर
आमची नावं वर सरकत होती.
आनंद वगैरे झाला असावा.
भूक लागली होती, एवढं नक्की आठवतं.

एकसष्ट तासांचं चित्रण.
त्यातली बावीस मिनिटं, चाळीस सेकंद राहिली.
बाकी सगळं वहीएवढ्या एका डिस्कमध्ये,
जिच्यावर पांढरी पट्टी चिकटवून
याग्नानं लिहिलंय: उरलेली माणसं.

उरलेल्यांत नुगझारचा धाकटा भाऊ आहे,
कुताइसीहून आला आणि नवव्या दिवशी परत गेला.
का, विचारलं तर म्हणाला,
वूचचं पाणी कणकेला मानवत नाही.
उरलेल्यांत ती बेलारूसची नर्स,
गोदामात खोकी मोजणारी.
दोन तास मोकळेपणानं बोलली,
कॉलरचा माइक काढताना विचारलं,
आई बघेल का हे तिकडे?
मग स्वतःच म्हणाली, नको.
तिचं नको आम्ही पाळलं.
फक्त तिच्या हातमोज्यांचा एक शॉट ठेवलाय,
दोन सेकंदांचा.
त्याचीही आता चुटपुट लागलीय.

थोआबाई मात्र आहेत, सहा मिनिटं पूर्ण.
जुन्या सूतगिरणीत आता बूट आणि पॉपकॉर्न विकतात,
तिच्या मागच्या गल्लीत त्या
लांब माणसांचे कपडे आखूड करतात.
टाचणी ओठांत धरूनच बोलायच्या.
मुलाखतीत एक शब्द चारदा आला,
गावची नदी, बहीण, एक कुत्रा,
आणि कशाबद्दल तरी, जे त्यांनी सांगितलंच नाही.
त्यांच्या भाषेत आठवणं आणि झुरणं
एकाच शब्दात मावतं.
पोलिशमध्ये दोन वेगळे शब्द, दोन वेगळी दुखणी.
तीन रात्री आम्ही भांडलो त्या ओळीवरून.
त्यांच्या मुलाला विचारलं. चौदा वर्षांचा, जन्म इथलाच.
मोबाइलमधून मान वर न करता तो म्हणाला,
तुमच्याकडे नसेल तर मोकळं सोडा.

मोकळं कसं सोडणार?
मार्क कापतात.

सव्वापाचला आम्ही नुगझारकडे गेलो.
भट्टी पेटलेली, तो कमरेपर्यंत तिच्या तोंडात,
पाव भिंतीला थापत होता.
हाच शॉट आम्ही त्याच्याकडून तीनदा करून घेतला होता,
उजेडासाठी.
एकदा पाव जळाला, त्यानं पैसे घेतले नाहीत.
आताचा उजेड अगदी हवा तसा होता
आणि कॅमेरा शाळेत जमा केलेला.
झाला सिनेमा? त्यानं विचारलं.
झाला.
म्हणजे आता येणार नाही तुम्ही.
हा प्रश्न नव्हता.
त्यानं तीन गरम पाव कागदात गुंडाळले
आणि या वेळी पैसे घेतले, मोजून.

पहिल्या ट्रामला वेळ होता.
खिशात प्रश्नांचा कागद, घड्यांवर फाटत आलेला.
चाळीस प्रश्न, अनोळखी माणसांना विचारलेले.
पहिला: आल्यावर पहिल्या सकाळी काय खाल्लंत?
माझे बाबा अकरा वर्षं स्टावांगरच्या गोदीत
वेल्डिंग करतात.
नाताळात येतात, एखादी भिंत रंगवतात, जातात.
दर रविवारी आमचं फोनवर हवापाणी होतं.

आज बुधवार होता.
काय झालं? पैसे हवेत?
नको.
आजी बरी आहे ना?
बरी आहे. बाबा, तिथं गेलास ना तू,
पहिल्या सकाळी काय खाल्लं होतंस?

मागं ग्राइंडर चालू होता. मग बंद झाला.
इतका वेळ गप्प राहिलेलं माणूस
आम्ही संकलनात कधीच ठेवलं नसतं.
थांब, म्हणाले, बाहेर जाऊन बोलतो.
लोखंडी दार वाजलं,
आणि फोनभर वारा.
तिमेक म्हणाला असता, आवाज खराब येतोय,
पुन्हा घेऊ.
तो शेजारी उभा होता, पाव खात.
काही म्हणाला नाही.