भरलेली, रिकामी

लग्नात आडनाव मिळालं झोपे.
चिनावलच्या मैत्रिणी हसल्या,
आता काय बाई, तुझी चैन.

भुसावळात आमचं घर रुळांपासून तीन गल्ल्या आत.
शिट्टीचं काही नाही, शिट्टीला कान सरावतो.
हे शिट्टीच्या आधी येतं,
जमिनीतून, पलंगाच्या पायातून चढतं,
उशीत शिरतं आणि दाढेत थांबतं.
शेजारच्या खोलीत कोणी
पोटातल्या पोटात रागावून बसावं, तसं.

लीलाधरांना विचारलं. म्हणाले, कसला आवाज?
मालगाडीवर गार्ड. बोलता बोलता घोरायला लागले.
जळगावच्या डॉक्टरांनी कानात नळी घालून पाहिलं:
कान उत्तम आहेत, चहा कमी करा.
चहा कमी केला.
रात्री दोन चाळीसला फरशीवर तांब्या ठेवून
पाण्यावर बॅटरी मारली.
बारीक वळ्या, कांद्याच्या चकतीसारख्या.
साक्षीदार मी एकटी, आणि तांब्या.

नणंद कुमुद. चौथ्या वर्षी तापात कान गेले.
भिंतीला तळवा लावून झोपते.
मला वाटायचं, गारव्यासाठी.
पण मे महिन्यात भिंत तव्यासारखी तापते
तरी तळवा तिथंच.

एकदा मला बसलेली बघून
तिनं माझा हात ओढला, भिंतीवर दाबला.
बोटांनी दाखवलं: इंजिनं दोन. डबे अठ्ठावन्न.
मूठ घट्ट आवळली: भरलेली. दीपनगरचा कोळसा.
पहाटे तीच बोटं सैल फडफडवली:
रिकामी. परत.
अकरा वर्षं मला ज्याचं नाव सापडलं नाही
त्याचं अख्खं टाइमटेबल तिच्या तळव्यावर.

म्हणून झोप लागली असं नाही. खोटं कशाला सांगू.
दाढ अजून ठणकते.
पण मोजते आता, आणि कधीकधी
चाळिसाच्या पुढचा आकडा सकाळी आठवत नाही.

पौषात पुलाच्या कामाला रात्रभर ब्लॉक घेतला.
एक गाडी नाही.
पलंग नुसता पलंग. उशीत फक्त कापूस.
माझे डोळे मिटत आले, तोच दिवा लागला.
कुमुद घरभर फिरत होती,
या खोलीतून त्या खोलीत, भिंतींना हात लावत,
घरातलं माणूस न सांगता निघून गेल्यासारखी.
माझ्यासमोर येऊन तिनं
मोकळा तळवा उघडून दाखवला.

मी उठले. तिला निजवलं.
तिच्या खाटेच्या लाकडावर मूठ ठेवली
आणि सावकाश, जड जड ठोकायला लागले.
आधी दोन इंजिनं. मग डबे.
एकतिसाव्याला तिचा श्वास लांबला.
गाडी मधेच कशी सोडायची?

आतून लीलाधर ओरडले, काय वाजी राह्यलं?
कसला आवाज, मी म्हटलं.
एकोणपन्नास.
पन्नास.