शिकतेय अजून

मनसूराच्या इस्पितळात डॉक्टर सामियांनी
रिपोर्टाच्या पाठीवर भिंत काढली:
आत अस्तर, त्यामागे स्नायू.
"मूळ इथवर गेलंय.
नुसतं खरवडून भागायचं नाही."

बयूमीनं कागद उजेडात धरला,
जाळं धरावं तसा.
"म्हणजे गाठ मारून चालणार नाही."

औषधाच्या चार फेऱ्या. भुवयासुद्धा गेल्या.
मग मूत्राशय गेलं,
आणि त्याच्याच आतड्याचा हातभर तुकडा शिवून
तिथे नवी पिशवी.

ती काही सांगत नाही.
भरली तरी गप्प.

म्हणून रात्री दोनला गजर.
चाळीस वर्षं माशांसाठी
गजराशिवाय उठलेला माणूस
भिंत चाचपत जातो,
बसतो, पोट दाबतो, वाट बघतो.

नफीसा अंधारातून विचारते,
"झाली?"

"शिकतेय अजून."