जुलाब आणि जूट यांच्यामध्ये

वाईला, कोशाच्या कार्यालयात, मी मुद्रितं तपासायची
तेव्हाची गोष्ट. ज चालू होता.
"जुलाब" छापून झाला होता, "जूट" यायचा होता,
मधे एक रोमन बसवायचा होता,
उपहासकार. जन्म अंदाजे, मृत्यू अंदाजे,
मधलं बरंचसं लोकांनी मागाहून रचलेलं.

नोंद गेली सर्जेराव पिसाळांकडे.
मूळचे ओझर्ड्याचे. वडील पाचगणीच्या बोर्डिंगात आचारी,
तिथल्या थकलेल्या पाद्रीबाबानं
भांडी घासणाऱ्या पोराला लॅटिन शिकवलेलं.
अजून विभक्त्या चालवताना त्यांचा हात हलायचा
तव्याचं बूड घासल्यासारखा.

मर्यादा तीनशे शब्दांची. पिसाळांनी लिहिले अकराशे.
त्यात चौथ्या मजल्यावरचा भाडेकरू होता,
टेकू दिलेल्या इमारती, रात्री खिडकीतून
डोक्यात येणारी मडकी,
आणि भल्या पहाटे धुतलेला झगा चढवून
बड्या माणसाच्या दारी ताटकळणारी रांग:
वाकायचं, टोपलीतलं मिळेल ते घ्यायचं, सुटायचं.
एका अवजड माशासाठी बादशहानं बोलावलेली सभा होती,
कापायचा की अख्खा शिजवायचा?
वाचून दाखवताना पिसाळ एकटेच हसले.
त्या खोलीत हसण्याची नोंद कुणी ठेवत नसे.

पुढं एक वाक्य होतं, उघडंवाघडं:
तो चिडला होता, आणि चिडणं त्याला शोभत होतं.
विभागप्रमुखांनी तांबड्या पेन्सिलीनं समासात विचारलं,
आधार?

पिसाळ म्हणाले, आहे की.
उद्या सकाळी सहाला चला माझ्याबरोबर,
चेअरमनसाहेबांच्या बंगल्याशी.
सगळे हसले. गेले फक्त मी.

पसरणीच्या घाटातलं धुकं खाली उतरलं होतं.
स्वेटर, टोप्या, हारांची करंडी,
सवलतीच्या साखरेचं कार्ड छातीशी धरलेला
एक निवृत्त हेडमास्तर,
आणि त्याच्यामागे, कानांवरून मफलर गुंडाळून,
आमचे विभागप्रमुख.
हातात लांबट पाकीट. मुलाच्या नोकरीचं असावं.
आम्ही पाहिलं,
आम्ही पाहिलं हे त्यांनी पाहिलं.

महिन्याभरात पिसाळांना गोदामात हलवलं,
न खपलेले खंड मोजायला. वाळवी, ओल, उंदरांच्या लेंड्या.
त्यांनी दारावर खडूनं लिहिलं: इजिप्त.
त्या रोमनालाही म्हातारपणी तिकडंच धाडलं म्हणे,
कुणा लाडक्या नटाची टर उडवली म्हणून.
म्हणे. आधार नाही.

मी दुपारचा चहा घेऊन जायची.
ते रद्द झालेल्या कार्डांच्या पाठी भरत बसलेले असत
वारकुसाच्या, कडू अक्षरात:
साखर दिली स्वस्त, गोड केलं तोंड,
खरं बोलायला आता आणू कुठलं तोंड?
वाचायचे, आणि कार्ड पुन्हा रद्दीत.
कुणी सापडवली तर? मी विचारलं.
गावात रद्दी वाचणारी दोनच माणसं, ते म्हणाले,
एक मी, दुसरा शेंगदाणेवाला. तोही पुडी बांधून झाल्यावर.

खंड छापायला गेला तेव्हा
अकराशेचे उरले होते शहाऐंशी.
मडकी गेली, मासा गेला, रांग गेली.
चिडण्याच्या जागी आलं: "त्याची शैली प्रखर आहे."
शेवटी एवढंच: अखेरची कविता अपूर्ण.

एकतीस वर्षं मी काना, मात्रा, वेलांटी राखली.
माझ्या हातून एकच चूक सुटली,
ती डोळे उघडे ठेवून.
त्या ओळीपुढचा पूर्णविराम मी काढून टाकला.

पहिली प्रत इजिप्तला नेली.
पिसाळांनी चष्मा कपाळावर सारला,
मोकळ्या जागेवर बोट ठेवलं, बराच वेळ.
हितनं वारं येतंय, म्हणाले.

त्याखाली लगेच जूट सुरू होतं:
पोती, सुतळी, गोणपाट,
माल घट्ट बांधण्यासाठी उपयुक्त