अर्ध्या कटिंगमधलं मंत्रिमंडळ

भवानी पेठेत, टिंबर मार्केटच्या तोंडाशी,
एकनाथ सपकाळच्या सलूनमध्ये
माझा डावा कल्ला उतरला होता, उजवा तसाच,
तेवढ्यात लाइट गेली.

मशीन मुकं झालं. टीव्हीही.
अमेरिकेचा अध्यक्ष कुठल्याशा मंत्र्याला
काढून टाकत होता, महिन्यातला तिसरा,
आणि बोट वर असतानाच काळा झाला.

"आता कुणाला घेणार हा?" गोवंडे म्हणाले.
टेलिफोन खात्यात बत्तीस वर्षं;
घरी लँडलाइन अजून पुसून ठेवतात.
एकनाथ म्हणाला, "लाइट येईस्तोवर आपणच नेमू की."

कॅलेंडरचं मागल्या महिन्याचं पान फाडलं.
पाठीमागे वांग्याच्या भरताची कृती,
तिच्या समासात लिहायला घेतलं.

संरक्षण गेलं शहानूरभाईंकडे.
कुलपं दुरुस्त करतात. चाळीस वर्षांत
बोलावल्याशिवाय कुणाच्या दाराला हात लावला नाही.
"चावी हरवली म्हणून दार फोडायचं नसतं,"
पेपरातून डोकं वर न काढता ते म्हणाले.
धोरण म्हणून एवढंच लिहून घेतलं.

खजिन्यावरून भांडण.
गोवंडे स्वतःच तयार होऊन बसले होते,
पण कुणीतरी मेसवाल्या इंदुमती ढमढेरेंचं नाव काढलं,
महिनाअखेरीलाही ज्यांची आमटी पातळ होत नाही,
आणि वाद तिथंच मिटला.

परराष्ट्राला कंडक्टर हवा, मी म्हणालो.
स्वारगेट-हडपसरवरचा तो मोहोळ!
गच्च गाडीत ओरडतो, "सरका आत, अजून चौघं येतील,"
आणि चौघं खरंच येतात.
सीमेवर असा माणूस पाहिजे.

माझी भाची डलासला असते.
तिच्या व्हिसाचा कागद सात महिने
कुणाच्या तरी टेबलावर झोपलाय.
हे मी बोललो नाही.
एकनाथनं नुसता माझ्या खांद्यावरचा टॉवेल सारखा केला.

अडलो ते एकाच खात्यावर.
"साहेब, हे नको," असं तोंडावर म्हणणारा मंत्री.
शहानूरभाई म्हणाले, मी तर कुलपाशीसुद्धा गोड बोलतो.
एकनाथ म्हणाला, गिऱ्हाईक म्हणेल तसा भांग.
गोवंडे बराच वेळ आरशात बघत राहिले.
"बत्तीस वर्षांत एकदा म्हणायला हवं होतं,
सत्त्याऐंशी साली," म्हणाले,
आणि पुढचं काही सांगितलं नाही.

दारात ढकलगाडी वाजली.
झुंबरबाई खवळे, केसांची पिशवी न्यायला.
भल्याभल्यांचा कचरा ही दारात परत ठेवते,
सोसायटीच्या चेअरमनचासुद्धा:
वेगळा केला नाही, उचलणार नाही.
आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
ठराव एकमतानं.

तिनं सगळं ऐकून घेतलं, हात कमरेवर.
"अमेरिकेत? पगार किती?"
ते अजून ठरलं नव्हतं.
"आणि हातमोजे? इथले चार महिने झाले, आले नाहीत.
तुमच्या त्या अध्यक्षाला म्हणावं, आधी हातमोजे.
मग बघू काय नको म्हणायचं ते."
एवढा मुद्देसूद प्रश्न
त्या दुपारी दुसऱ्या कुणी विचारला नव्हता.
वॉर्ड ऑफिसला कोण जाणार,
यावर मंत्रिमंडळ शांत होतं.

लाइट आली.
टीव्हीवर लांबलचक टेबल, सगळे टाळ्या वाजवत होते,
नवा मंत्री धरून.
गोवंडेंनी पान चुरगळून तिच्यापुढे केलं.
"ओला की सुका?"
"सुका."
तिनं ते उलगडलं, उजेडात धरलं.
एकनाथच्या बोटांचं खोबरेल
ढमढेरेंच्या खजिन्यावरून भरतापर्यंत पसरलं होतं.
"तेल लागलंय," ती म्हणाली, "हा नेणार नाही."

गाडी वाजत पुढच्या दाराकडे गेली.
मशीन उजव्या बाजूनं सुरू झालं,
आणि एकनाथनं
माझी मान खाली केली.