हळदीच्या रंगाचा

आठवडी बाजारात, लाल मिरच्यांच्या ढिगापलीकडे
सुगराबी ताडपत्रीवर गठ्ठा सोडते:
कुठल्या कुठल्या थंडीतून उतरलेले कपडे,
छातीवर परक्या शाळांची नावं,
एकावर अस्वल, एकावर नुसताच अठ्ठावीस.

मी आधी उलटा करून पाहते.
शिवण दुहेरी आहे का,
आतली लव अंगठ्यानं उलटी चोळून.
गोळे धरले असतील
तर त्यातली ऊब कुणीतरी संपवून गेलंय.

"चेनवाला घे ना बाई, काढाले-घालाले सोपा."
चेन नको. छातीवर लोखंड नकोच.
टोपीचा नको, हेल्मेटखाली गाठोडं होतं तिचं.
नाडी नको.
नाडी कशातही अडकते,
आणि तीस फुटांवर
अडकणं हा शब्द वेगळा असतो.

मग शिवणीतून धागा ओढला, काडी मागितली.
"अल्ला, माल जाळाले आली का वं तू!"
पहिला धागा आक्रसला,
काळा मणी झाला, टपकला.
तसाच एक मणी डोमाजीकाकांच्या मनगटावर आहे,
कातडीत रुतलेला, नायलॉनच्या जरकिनीचा,
माझ्या जन्माआधीच्या कुठल्याशा पौषातला.
ते त्याला घड्याळ म्हणतात.
कुणी वेळ विचारली की बघतात
आणि सांगतात, "वाचलो तेवढे वाजले."

तिसऱ्या का चौथ्या धाग्याला
पऱ्हाटी पेटवल्याचा वास आला.
राख फुंकरीसरशी गेली.
हा.

अंगात घातला, भर बाजारात दोन्ही हात वर केले,
जंपर बांधताना करते तसे,
आणि कंबर उघडी पडते का पाहिलं.
भज्यांच्या गाड्यावरची पोरं हसली,
एक म्हणाला, "मॅडम, कोनाले शरन जाऊन रायल्या?"
मी हात तसेच ठेवले, अजून थोडे ताणले.
पडत नव्हती.
पट्ट्याखाली चार बोटं कापड उरत होतं.

अडचण एकच, रंग.
हळदीचा. तोही लग्नातल्या हळदीचा नाही,
साठवून साठवून उडालेल्या.
राखाडी होता तसाच, मापाचा, जरा पातळ.
काळाही होता. काळ्यावर ग्रीस दिसत नाही.
आई म्हणाली असती, काळा घे, मळखाऊ.
बराच वेळ मी काळ्याची बाही धरून उभी होते.
अडीचशे सांगितले, एकशे नव्वदला
हळदीचा घेतला.
जळालेल्या धाग्यांचे दहा रुपये
सुगराबीनं वेगळे लावले.

नांदच्या काठची लाइन गेली ती रात्री दोनला.
हरभऱ्याला पाणी द्यायची पाळी रात्रीचीच,
धुऱ्यावर माणसं शेकोटीभोवती, पाइप कोरडे.
सप्लाय बंद केल्याचा निरोप दोनदा ऐकला,
रॉड टाकला,
आणि खांबाला हात लावला तर
लोखंड दातासारखं लागलं.

वर चढताना बाह्यांत वारा शिरला नाही.
मनगटाशी हातमोजा घट्ट बसला.
एवढंच लक्षात आहे, बाकी हात आपोआप करतात.
पाठीवरच्या त्या अठ्ठावीसला
(हो, अठ्ठावीस पाठीवरही होता, घरी येऊन कळलं)
कुठल्या मैदानावर कोण हाका मारत असेल,
असं काहीतरी डोक्यात आलं
आणि धुई नदीवरून वर आली,
आधी शेकोटी गेली, मग माणसं,
मग माझे बूट.

खालून काकांची बॅटरी हलली.
दरवेळी ते विचारतात,
"आहेस का वं?"
आणि मी पान्ह्यानं खांबावर दोनदा वाजवते.

या वेळी विचारलं नाही.
पान्हा हातात धरून मी वाट पाहिली.
मग ते बिडीच्या आवाजात, स्वतःशीच बोलल्यासारखे:
"दिसून रायलीस.
दिसून रायलीस, कर आरामात."